भरदार मान आणि रात्रीचा श्वास

वडोदऱ्यातल्या मराठी घरांत शरीर कमावण्याला मोठा मान आहे. दांडिया बाजारातले जुम्मादादा व्यायाममंदिर, प्राध्यापक माणिकरावांनी पुढे नेलेली तिथली परंपरा आणि सयाजीराव महाराजांनी मल्लांना दिलेला आश्रय यांच्या गोष्टी ऐकतच आमची पिढी वाढली. त्यामुळे रुंद खांदे, भरलेली छाती आणि जाड मान दिसली की माणूस निरोगी असणारच, असे आपण धरून चालतो. असा माणूस रात्री डाराडूर घोरू लागला, तर दिवसभराच्या मेहनतीने गाढ झोप लागली, असे म्हणून घरचे समाधान मानतात. ही समजूत घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडणे, हा केवळ पोट सुटलेल्या माणसांचा विकार नाही.

आपल्या घशातल्या श्वासाच्या वाटेला श्वासनलिकेसारख्या कूर्चेच्या कड्या नसतात. जिभेचा मागचा भाग, मऊ टाळू आणि घशाच्या बाजूच्या भिंती यांच्यामधली ही वाट जागेपणी तिथले स्नायूच उघडी धरून ठेवतात. झोप लागली की हे स्नायू सैलावतात आणि स्वप्ने पडतात त्या टप्प्यात तर ते सर्वांत जास्त ढिले होतात. वाट मुळातच अरुंद असेल तर ती मिटते, छाती श्वास ओढण्याची धडपड करत राहते पण हवा आत जात नाही, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि अखेर मेंदू क्षणभर जागा होऊन घसा उघडतो. श्वास किमान 10 सेकंद थांबला किंवा बराच मंदावला, तर तो एक प्रसंग धरतात. मोठ्या माणसात तासाला असे 5 ते 15 प्रसंग असतील तर विकार सौम्य, 15 ते 30 असतील तर मध्यम आणि 30 च्या वर गेले तर तीव्र समजला जातो.

वजनाचा यातला वाटा निर्विवाद आहे. चरबी जिभेत आणि घशाच्या भिंतींतही साठते. पोटावरची चरबी आडवे झाल्यावर श्वासपटल वर ढकलते, त्यामुळे फुप्फुसांतली हवा कमी होते, श्वासनलिकेवरचा खालच्या बाजूचा ताण सैल पडतो आणि घसा अधिक सहज मिटतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन इथे अनेक वर्षे चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2000 साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार वजन 10 टक्क्यांनी वाढले तर श्वास अडण्याचे प्रमाण सुमारे 32 टक्क्यांनी वाढते आणि तितकेच वजन उतरले तर ते सुमारे 26 टक्क्यांनी घटते.

कमावलेल्या शरीराचे काय, हा प्रश्न खरा इथे सुरू होतो. उंची 175 सेंटिमीटर आणि वजन 95 किलो असलेल्या माणसाचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, 31 येतो आणि तो लठ्ठपणात मोडतो, मग ते वजन मांसाचे असो की मेदाचे. बीएमआयला हा फरक कळत नाही, म्हणून तो आकडा आपल्याला लागूच नाही, असे व्यायाम करणारे म्हणतात आणि त्यात काही अंशी तथ्यही आहे. मात्र 2003 साली अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक खेळाडूंची तपासणी झाली, तेव्हा सुमारे 14 टक्के खेळाडूंना हा विकार असावा असा अंदाज निघाला आणि जाड मानेच्या, धिप्पाड खेळाडूंच्या गटात तर ते प्रमाण 34 टक्क्यांपर्यंत गेले. त्याच खेळातला नामवंत खेळाडू रेजी व्हाइट 2004 साली वयाच्या 43व्या वर्षी झोपेतच हृदयाची लय बिघडून गेला. सार्कॉइडोसिस, म्हणजे अवयवांत दाहाच्या बारीक गाठी होण्याचा आजार, हे त्याचे मुख्य कारण मानले गेले, पण स्लीप ॲप्नियाचाही त्याला हातभार लागला असावा, असे सांगण्यात आले.

मानेवरचा पिळदार स्नायू घशाला थेट आवळतो, असा याचा अर्थ मुळीच नाही. वजन वाढवताना मांसाबरोबर थोडी चरबीही येते आणि ती जिभेत किती, घशात किती, हे बाहेरून दिसत नाही. स्टेरॉइडची किंवा टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्यांत हा विकार बळावू शकतो आणि जिममधल्या तरुण मुलांना हे कोणीतरी ठणकावून सांगायला हवे. आपल्याकडे काहींचा जबडा मुळातच लहान असतो, त्यामुळे वजन फारसे नसतानाही घशातली वाट अरुंद पडते. म्हणून साधी मोजपट्टी घ्यावी आणि कंठमण्याच्या किंचित खाली मानेचा घेर मोजावा. पुरुषांत तो सुमारे 43 आणि स्त्रियांत 41 सेंटिमीटरहून अधिक असेल आणि घोरण्याची सवयही असेल, तर डॉक्टरांना विचारण्यास तेवढे कारण पुरे आहे.

माझ्या थोरल्या भावाची मान अशीच भरदार आहे, कारण तरुणपणापासून त्याने जोर-बैठका कधी सोडल्या नाहीत. त्याचा श्वास अडतो हे प्रथम वहिनीच्या लक्षात आले. "भावजी, ह्यांचं घोरणं मला खुपत नाही, ते मधेच बंद होतं ना, तेव्हा माझा जीव घाबरा होतो," असे ती म्हणाली. तिने फोनवर टिपलेला आवाज मी ऐकला. एका लयीत चाललेले घोरणे अचानक तुटते, पंख्याची घरघर तेवढी ऐकू येते आणि मग बुडता माणूस वर यावा तसा एक मोठा हुंदका येतो. दादाची तक्रार मात्र वेगळीच होती. सकाळी डोके जड असते, दुपारी दुकानात डोळा लागतो आणि रक्तदाब गोळ्या घेऊनही उतरत नाही, एवढेच तो सांगे. रात्रभराच्या स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेतल्या श्वासाच्या तपासणीत, विकार तीव्र निघाला.

त्याला सीपॅप मशीन दिले आहे. 1981 साली सिडनीच्या कॉलिन सुलिव्हान यांनी जगापुढे मांडलेली ही पद्धत सोपी आहे: नाकावरच्या मास्कमधून हवेचा सौम्य दाब सतत देत राहायचा आणि घसा मिटू द्यायचा नाही. सुरुवातीला मास्कच्या पट्ट्यांचे वळ दादाच्या गालांवर उमटत आणि नाक कोरडे पडे, पण मास्कचे माप बदलून हवा दमट करणारे भांडे जोडल्यावर तो त्रास ओसरला.

व्यायाम सोडावा का, असे दादाने विचारले तेव्हा डॉक्टरांनी ठामपणे नाही म्हटले. नियमित व्यायामाने वजन फारसे न उतरताही श्वास अडण्याचे प्रमाण काहीसे घटते, असे अभ्यासांतून दिसले आहे. त्याला आता पोटाचा घेर उतरवायचा आहे, कुशीवर झोपण्याची सवय लावायची आहे आणि वजन पुरेसे उतरले की पुन्हा स्लीप स्टडी करायची आहे. तोपर्यंत मशीन आपल्या मनाने बंद करायचे नाही, असे त्याला बजावले आहे आणि वहिनी त्यावर लक्ष ठेवून आहे.