ओळ दाखवा

आपल्या शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत आठवणींना तोटा नसणार. म्हणून इथं मराठीच्या तासाला मिळालेली साहित्य वाचायची पद्धत तेवढी लिहितो. ती कुणा एका वर्गाची नव्हती, पुढच्या तुकड्यांनाही तशीच मिळाली. तिचा सगळा भार दोन शब्दांवर होता : ओळ दाखवा. कवितेचा अर्थ सांगितलास ना, मग कुठल्या ओळीत आहे ते दाखव. ओळीवर बोट ठेवता आलं नाही तर तो अर्थ कवितेचा नव्हे, आपल्या मनातला.

‘या ओळींतून कवीला असे सुचवायचे आहे की’ हे वाक्य परीक्षेच्या पेपरात हात आपोआप लिहितो. तिथंच गाडी घसरते. कवीला काय सुचवायचं होतं ते आपल्याला कळायला मार्ग नाही, कवितेतले शब्द काय करतात ते मात्र दिसतं. बालकवींची ‘औदुंबर’ घ्या. आठच ओळींची, पण एका तासात पुरी होत नाही.

पहिल्या वाचनात पेन्सिल हातात घ्यायची नाही, मोठ्यानं सलग वाचायचं. दुसऱ्या वाचनात फक्त रंग टिपायचे. हिरवाळी, निळासांवळा झरा, हिरवी गरदी, पांढरी पायवाट, हिरवी कुरणं, काळा डोह, काळिमा. हिरवा तीनदा येतो आणि सहाव्या ओळीनंतर दिसतच नाही. तिथून पुढं काळाच. पांढरा एकदाच येतो, तोही पायवाटेला, आणि ही वाट काळ्या डोहाकडे जाते. तिसऱ्या वाचनात क्रियापदं. झरा वाहतो, पायवाट चालली, काळिमा पसरतो, आणि शेवटी औदुंबर पाण्यात पाय टाकून ‘बसला’. हलत्या गोष्टींवरून कविता बसलेल्या झाडावर येऊन थांबते. चौथ्या वाचनात माणूस शोधायचा. गाव आहे, चार घरं आहेत, शेतमळे आहेत, वाट आहे, माणूस मात्र एकही नाही. वाट चालते, पण तिच्यावरून कुणी चालत नाही. सबंध कवितेत ‘पाय’ हा शब्द माणसासाठी येतच नाही, तो येतो झाडाला. माणसाच्या सगळ्या खुणा पुसून कवीनं माणसाची बैठक झाडाला दिली आहे. औदुंबराला प्रतीक म्हणायचं ते याच्या जोरावर, झाड पवित्र आहे म्हणून नव्हे.

आपण कोल्हापूरकर इथं हमखास चुकतो. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरची नृसिंहवाडी आपल्या इतकी जवळ, की औदुंबर म्हटलं की दत्त, दत्त म्हटलं की पादुका, आणि पाण्यातले पाय म्हणजे त्याच पादुका, असा अर्थ क्षणात जुळतो. जुळतो म्हणून तो बरोबर ठरत नाही. कवितेत देऊळ नाही, दिवा नाही, घंटा नाही, हात जोडणारं कुणी नाही. मग दत्ताचं काय करायचं? टाकून द्यायचं नाही. वहीत वेगळ्या रकान्यात लिहायचं : हा अर्थ झाडाबरोबर परंपरेतून येतो, कवितेच्या शब्दांतून नाही. अलिप्त बसलेला विरागी असं मात्र म्हणता येतं, कारण ‘बसला’ आणि ‘पाय टाकुनी’ हे शब्द त्याला आधार देतात.

दुसरी चूक चरित्राची. बालकवी 1918 साली रेल्वे अपघातात गेले हे ठाऊक असलं की काळा डोह म्हणजे मृत्यू, असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. तिथं एक शब्द आडवा येतो : ‘गोड’. काळिमा गोड आहे. मृत्यू किंवा निराशा हा अर्थ धरला तर या ‘गोड’चं काय करायचं? एक शब्द जरी अर्थाबाहेर उरला तरी अर्थ अपुरा समजायचा, आणि उरलेला शब्द नेमका कवितेचा कणा निघतो असा माझा अनुभव आहे. अंधाराची भीती आणि त्याची ओढ दोन्ही एकदम धरता आल्या तरच ही ओळ उलगडते.

प्रतिमा आणि प्रतीक यांत गल्लत होते, म्हणून एक साधी कसोटी. वस्तू एकदाच येऊन चित्र उभं करून गेली तर प्रतिमा. तीच वस्तू पुन्हा आली, दर वेळी थोडी बदलून आली आणि तिच्या बदलण्याबरोबर गोष्टीतही काही बदललं, तर प्रतीक म्हणायला हरकत नाही. छोट्या कवितेत फेऱ्या मोजायला जागा नसते, तिथं वस्तू कुठल्या जागी ठेवली आहे ते बघायचं. औदुंबर शेवटच्या ओळीच्या शेवटच्या शब्दात आहे.

कादंबरीला वही लागते. उभे चार रकाने : पान, वस्तू किंवा वाक्य, ते कोण बोलतं, आणि त्यानंतर काय घडतं. तिसरा रकाना मुलं गाळतात आणि सगळं फसतं. ‘ययाति’ (1959) वाचताना हे लगेच कळतं. खांडेकरांनी या कादंबरीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांना आपापली बाजू आपल्या तोंडानं सांगायला लावली आहे. कचाला तसं निवेदन नाही. तो आपल्याला दिसतो तो इतरांच्या नजरेतून. म्हणून कचाच्या संयमाबद्दल लिहिताना हे कुणाच्या निवेदनात आलं ते आधी नोंदवावं लागतं. सांगणारा माणूस स्वतःला जपून सांगतो, हे विसरलं की आपण त्याचे वकील होतो.

‘मृत्युंजय’ (1967) मध्ये ही मोजणी आणखी उपयोगी पडते. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी कादंबरीचे नऊ भाग केले. त्यांतले चार कर्णाचे, आणि कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण यांचा प्रत्येकी एक. शेवटचा भाग कृष्णाचा आहे. स्वतःचा मृत्यू कर्ण सांगू शकत नाही, हे झालं तांत्रिक कारण. पण ज्याच्या विरुद्ध पक्षात कर्ण लढला त्याच्याच तोंडी त्याचा शेवट यावा, यात कादंबरीचं सगळं म्हणणं आलं. कर्ण स्वतःबद्दल काय म्हणतो आणि त्याचा धाकटा भाऊ शोण त्याच्याबद्दल काय म्हणतो हे समोरासमोर लिहून बघा. दोन्हींत जे अंतर पडतं, तिथं व्यक्तिरेखा सापडते.

व्यक्तिचित्रणात विशेषणं लिहू नयेत. ‘ययाति लंपट होता’ या वाक्यानं काहीच कळत नाही. त्याऐवजी निवड लिहावी : इथं त्याच्यापुढं दोन वाटा होत्या, त्यानं ही धरली, आणि धरताना स्वतःला हे कारण दिलं. मुलाचं तारुण्य मागण्यापर्यंत माणूस एका उडीत पोचत नाही. मधल्या पायऱ्या मोजल्या की विशेषणाची गरज उरत नाही.

आशयसूत्राबद्दल थोडक्यात. विषय एका शब्दात मावतो, आशयसूत्राला पूर्ण वाक्य लागतं. ‘दुष्काळ’ हा विषय झाला. ‘परका मास्तर गावाचा होतो, तोवर गावच जागेवरून उठून जातं’ हे व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ या कादंबरीचं (1955) आशयसूत्र म्हणता येईल, कारण त्यावर वाद घालता येतो.

मूळ कलाकृती परक्या मातीतली असेल तर साम्यापेक्षा फरक आधी लिहावेत. ‘नटसम्राट’चं नातं शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’शी आहे, एवढं सगळ्यांना माहीत असतं. लिअरला तीन मुली, ‘नटसम्राट’मधल्या म्हाताऱ्या नटाला, बेलवलकरांना, एक मुलगा आणि एक मुलगी. म्हणजे बापावर खरी माया करणारी धाकटी लेक शिरवाडकरांनी ठेवलीच नाही. लिअरची राणी नाटकात दिसत नाही, इथं मात्र बेलवलकरांची बायको कावेरी पावलोपावली बरोबर आहे. मग धाकट्या लेकीची माया कुणाच्या वाट्याला आली, हा प्रश्न घेऊन नाटक पुन्हा वाचा. थोडी कावेरीच्या, आणि थोडी उघड्यावर राहणाऱ्या बूटपॉलिशवाल्याच्या, ज्याचं नाव राजा आहे. नाटक छापील वाचून थांबू नये. संहितेतला कंस आणि रंगमंचावरची शांतता यांत फार फरक असतो.

ही पद्धत हाताळून बघायची असेल तर ‘बनगरवाडी’पासून सुरुवात करावी. करवीर नगर वाचन मंदिरातून आणलेल्या प्रतीवर मात्र रेघा नकोत, त्यासाठी वही आहे. ‘शाळा’ हा एकच शब्द घ्यावा आणि तो येईल तिथं पान टिपत जावं : मास्तर पहिल्यांदा येतो तेव्हा शाळा कशी असते, पोरं यायला लागल्यावर कशी होते, आणि मेंढरं घेऊन गाव निघून गेल्यावर त्या शाळेजवळ कोण उरतं.