उघड्या समुद्रात डाव्या इंजिनाची रेस खाली-वर होते तेव्हा

बंदराच्या आत बोटीची दोन्ही डिझेल इंजिनं गुण्यागोविंदाने चालत होती. उघड्या समुद्रात तासभर डोलल्यावर मात्र डाव्याची रेस, म्हणजे फेऱ्यांचा वेग, हलायला लागली. दोन्ही थ्रॉटल २२०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे), उजवं स्थिर, डावं २०५० पर्यंत घसरायचं आणि पुन्हा चढायचं. बोट डावीकडे ओढ घेत होती.

अशा वेळी आम्ही पहिला संशय टॅकोमीटरवर, म्हणजे फेरे दाखवणाऱ्या मीटरवर, घेतो. अल्टरनेटरवरून सिग्नल घेणारा टॅकोमीटर पट्टा घसरला की चुकीचा आकडा दाखवतो. म्हणून त्याच्या आकड्यावर विसंबण्याआधी कान लावावा. दोन इंजिनांचे फेरे जुळत नसले की घुमण्याची एक लाट ऐकू येते. सहा सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला तीन स्फोट होतात, म्हणून २० आरपीएमचा फरक असेल तर सेकंदाला एक घुमणं येतं. घुमणं एकाच ठेक्यात राहिलं तर बहुधा नुसती थ्रॉटल केबल जुळवायची असते. इथे ठेका सारखा बदलत होता, म्हणजे इंजिन खरोखरच हंटिंग करत होतं, त्याची रेस आपोआप खाली-वर होत होती.

लोडवर रेस पडते आणि न्यूट्रलमध्ये पूर्ण मिळते, तेव्हा दोन वाटा उरतात: पंख्यावर (प्रोपेलरवर) ओझं किंवा इंधनाचा तुटवडा. पंख्यात दोर अडकला असेल तर रेस कमी राहते, पण सहसा एका जागी टिकते, आणि धूर काळा होतो. धूर न वाढता रेस खाली-वर होत असेल तर इंधनाकडे वळावं.

दोन इंजिनांची बोट इथे फार उपयोगी पडते, कारण चांगलं इंजिन तुलनेला शेजारीच असतं. एका बाजूच्या इंजिनाला दुसऱ्या बाजूची टाकी जोडणारा क्रॉसओव्हर व्हॉल्व्ह फिरवून डावं इंजिन उजव्या टाकीवर घेतलं. सप्लायसोबत रिटर्नचा, म्हणजे न जळलेलं डिझेल टाकीत परत नेणाऱ्या नळीचा, व्हॉल्व्हही फिरवायचा. नाहीतर परतीचं डिझेल दुसऱ्या टाकीत जाऊन ती भरून वाहते. काही मिनिटांत रेस स्थिर झाली. म्हणजे इंजेक्शन पंप आणि रेस राखणारा गव्हर्नर दोन्ही संशयातून सुटले. दोष टाकी ते क्रॉसओव्हर या टप्प्यात होता. क्रॉसओव्हर नसलेल्या बोटीवर २० लिटरचा कॅन आणि नळी लावून हीच परीक्षा होते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मोडला की दिवस वाया जातो.

पुढचं काम व्हॅक्यूम गेजचं, म्हणजे नळीतली ओढ मोजणाऱ्या मीटरचं. तो प्रायमरी (टाकीनंतरच्या पहिल्या) फिल्टरच्या पुढे, पंपाच्या बाजूला असतो. स्वच्छ फिल्टरवर सुई शून्याजवळ असते. लोडवर ५ ते ७ इंच पाऱ्यापलीकडे (व्हॅक्यूम मोजायचं एकक) गेली तर फिल्टर बदलायचा. नव्या फिल्टरवरही सुई चढलीच, तर अडथळा फिल्टरच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. सुई खाली आणि तरी रेस हलते, तर हवा शिरतेय. फिल्टर आणि टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळी लावली की बुडबुडे दिसतात. सक्शनच्या बाजूला डिझेल बाहेर गळत नाही, हवाच आत जाते, त्यामुळे जोड कोरडा आहे म्हणून त्याला सोडू नये. फिल्टरच्या झाकणाचा ओ-रिंग आणि बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर हे नेहमीचे गुन्हेगार.

इथे सुई नव्या फिल्टरवरही चढली. इंजिन दहा मिनिटं बंद ठेवलं की दोष नाहीसा व्हायचा, आणि ही खूण पिकअप नळीची, म्हणजे टाकीतून डिझेल उचलणाऱ्या नळीची. लाटांनी टाकीच्या तळाचा काळा चिकट गाळ उसळतो, नळीच्या टोकाच्या जाळीवर ओढला जातो आणि इंजिन थांबलं की गळून पडतो. म्हणूनच बंदरात हा दोष सापडत नाही.

नांगर टाकून, इंजिन थंड करून पिकअप नळी वर काढली तेव्हा जाळीचा बराच भाग मऊ काळ्या थराने झाकलेला होता. जाळी धुवावी, टाकीच्या तळाचं पाणी आणि गाळ उपसून काढावा, व्हेंट (टाकीत हवा येण्याची नळी) मोकळा आहे का पाहावा. व्हेंट तुंबला तर टाकीतच व्हॅक्यूम तयार होतो आणि लक्षणं हुबेहूब हीच येतात. इंधनाचं झाकण सैल करताच रेस सुधारली तर दोष व्हेंटचा.

शेवटी हवा काढायची: सेकंडरी (इंजिनाजवळच्या दुसऱ्या) फिल्टरचा ब्लीड स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारायचा, स्क्रू घट्ट करायचा, सांडलेलं डिझेल पुसायचं आणि लोडवर अर्धा तास चालवून सुई पुन्हा पाहायची.