पोपड्याची मागची बाजू

सुरुवातीला आम्ही फक्त रंगकाम करायचो. टाक्या, पाइप, लोखंडी सांगाडे. जुना रंग खरवडायचा, नवा चढवायचा, बिल लावायचं. मग आम्हीच रंगवलेली पाण्याची एक टाकी दोन वर्षांत आतून फोडांनी भरली. रंग पुरवणारा आमच्याकडे बोट दाखवत होता, आम्ही त्याच्याकडे. शेवटी मी टाकीत उतरून चाकूच्या टोकाने एक फोड उघडला. आतून पाणी निघालं, खाली काळपट पत्रा. ब्लास्टिंगनंतर, म्हणजे दाबाने बारीक कणांचा मारा करून साफ केल्यावर, पत्रा लख्ख दिसला होता, पण त्यावरचे क्षार डोळ्यांना दिसत नाहीत. ते रंगातून पाणी आत ओढून घेतात. क्षारांची चाचणी आम्ही केलीच नव्हती. टाकी पदरचे पैसे घालून पुन्हा केली.

तेव्हापासून रंग का गेला हे शोधणं हेच आमचं मुख्य काम झालं. निघालेला पोपडा आम्ही आधी उलटा करून बघतो. मागे गंज किंवा मिलस्केल (पोलाद तापवून लाटताना त्यावर धरणारी काळी पापुद्री) चिकटून आली, तर पत्र्याची तयारी कच्ची राहिली. मागे स्वच्छ रंगच दिसला, तर दोन थरांचं आपसात जमलेलं नाही. मधे धूळ बसली, दव पडलं किंवा पुढचा हात द्यायला उशीर झाला. लोखंडाच्या धारदार कडा आणि वेल्ड आधी गंजतात, कारण ओला रंग कडेवरून मागे सरकतो. तिथे ब्रशने जादा हात हवाच.

‘अजून किती वर्षं टिकेल?’ हा प्रश्न सगळ्यांत अवघड. आयएसओ १२९४४ या गंजरोधक रंगांच्या आंतरराष्ट्रीय मानकामध्ये ‘उच्च’ टिकाऊपणा म्हणजे १५ ते २५ वर्षं, पण तो देखभालीच्या नियोजनासाठीचा अंदाज आहे, हमी नव्हे. हे दरवेळी समजावून सांगावं लागतं. आम्ही जाडी मोजतो, डॉली म्हणजे धातूची छोटी ठोकळी रंगावर चिकटवून ओढतो आणि रंग किती जोरावर सुटला याइतकंच कुठल्या थरात सुटला तेही लिहितो. गंज आयएसओ ४६२८ या रंगाची खराबी मोजायच्या मानकातल्या चित्रांशी ताडतो. त्यातली आरआय ३ पायरी म्हणजे साधारण १ टक्का पृष्ठभाग गंजलेला. ऐकायला किरकोळ वाटतं, पण मोठी डागडुजी सहसा याच सुमारास काढावी लागते. एका पाहणीवरून आम्ही वर्षांचा आकडा देत नाही. त्याच खुणेच्या जागा वर्षाने पुन्हा मोजतो. गंज पसरण्याचा वेग कळला की मगच अमुक ते अमुक वर्षं असं लिहून देतो.

गेल्या खेपेला एका ग्राहकाला सगळा सांगाडा नव्याने रंगवायचा होता. जोडांमधल्या भागाचा रंग घट्ट होता, गंज फक्त वेल्डवर. तेवढेच जोड साफ करून रंगवले, बाकीच्याला हात लावला नाही.