जुनी नॅरोबोट घेताना आधी तळ बघा, किचन नंतर

इंग्लंडात बोट घेतली असं सांगितलं की तिकडून पहिला प्रश्न येतो, "समुद्रावर?" समुद्राचा काही संबंध नाही बाबांनो. ही नॅरोबोट, कालव्यातली, पोलादी, रुंदी जेमतेम ६ फूट १० इंच, कारण अठराव्या शतकात कालवे खोदले तेव्हा बऱ्याच ठिकाणची लॉक्स (दोन्हीकडे दारं असलेला हौद, त्यात पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेतात) ७ फूट रुंद ठेवली आणि अडीचशे वर्षं होत आली तरी बोटींना त्याच मापात राहावं लागतंय. पूर्वी यातून कोळसा जायचा, काठावरून घोडा ओढायचा. आता लोक यात राहतात, सुट्टीत फिरतात आणि कंटाळा आला की विकतात. इकडे नवीन आलेली आपली मंडळी घरभाडं बघून "त्यापेक्षा बोटच घेऊ का" असं विचारायला लागलीत म्हणून हे लिहितोय.

जाहिराती बघायला बसलात की रात्र कशी जाते कळत नाही. अपोलो डक नावाची साईट आहे, तिथे ढिगाने बोटी. प्रत्येक फोटोत चकाचक किचन, कोपऱ्यात शेगडी पेटलेली, खिडकीत झाडाची कुंडी, आणि बाहेरून ताजा लाल-हिरवा रंग. छान दिसतं, नाही कोण म्हणतंय. पण फोटोत जे दिसतं त्यातलं काहीच बोट तरंगायला मदत करत नाही. तरंगवतो तो पाण्याखालचा पत्रा आणि त्याचा फोटो कोणी टाकत नाही.

जाहिरातीत १०/६/४ असं काहीतरी लिहिलेलं असतं बघा, म्हणजे बांधली तेव्हा तळाचा पत्रा १० मिलिमीटर, बाजूचा ६ आणि वरच्या केबिनचा ४. खूप जुन्या बोटींत तळही ६ चाच सापडतो. आता हे आकडे बोट नवीन होती तेव्हाचे. त्यानंतर बाहेरून पाणी खातं, आतून बिल्जमधे म्हणजे तळाच्या पोकळीत साचलेलं पाणी खातं, आणि तिसरं म्हणजे वीज. मरिनात, म्हणजे बोटी लावून ठेवायच्या छोट्या बंदरात, शोअर पॉवरला म्हणजे काठावरच्या विजेला बोट जोडली की अर्थिंगच्या वायरीतून शेजारच्या बोटींशी विद्युत संबंध जोडला जातो आणि तो प्रवाह अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवलेला नसेल तर तुमचा पत्रा हळूहळू झिजतो. हे टाळायला बोटीच्या पाण्याखालच्या पत्र्याला मॅग्नेशियमचे ठोकळे वेल्ड केलेले असतात, ॲनोड म्हणतात, ते पत्र्याच्या ऐवजी स्वतः झिजतात. दर दोनतीन वर्षांनी बोट बाहेर काढून ब्लॅकिंग म्हणजे डांबरी रंगाचा हात मारायचा असतो. विकणारा "गेल्याच वर्षी ब्लॅकिंग केलंय" म्हणाला तर खूश होऊ नका, काळ्या रंगाखाली काय आहे ते दिसत नाही एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून सर्व्हे, म्हणजे जाणकाराकडून बोटीची तपासणी. आणि तो सुद्धा बोट पाण्याबाहेर काढून. खर्च घेणाऱ्याचा, ड्राय डॉकचाही आणि सर्व्हेयरचाही, त्यामुळे लोक टाळतात. आम्हाला आधी एक बोट फारच आवडली होती, बायकोने तर पडद्यांचं कापडसुद्धा ठरवून टाकलं होतं, तरी ऑफर देताना "सर्व्हेच्या अटीवर" असं लिहून घेतलं आणि मगच डिपॉझिट भरलं. डॉकमधलं पाणी सोडलं, बोट ठोकळ्यांवर बसली, खालून शेवाळ आणि शिंपले टपटप गळत होते. सर्व्हेयर गुडघ्यापर्यंत बूट घालून खाली उतरला. आधी हातोडीने ठोकत एक फेरी मारली, आवाज ऐकत. मग जागोजागी डांबर खरवडून नाण्याएवढा चकचकीत पत्रा उघडा करायचा, त्याला जेल लावायचं आणि मीटर टेकवायचा, सोनोग्राफी करतात ना, हुबेहूब तसं. मी वर वही घेऊन आकडे लिहीत होतो. ५.६. ५.४. ५.५. सगळं छान चाललं होतं आणि मागच्या बाजूला पाण्याच्या रेषेपाशी आल्यावर ४.१, नंतर ३.६, नंतर तो थांबला, आणखी खरवडलं, आणि करंगळीचं टोक बसेल एवढा खड्डा दाखवला. ॲनोडचा तर नुसता लोखंडी दांडा उरला होता. मालक काठावर उभा होता, तो म्हणाला माझ्या वेळी असं काही नव्हतं हो. असेलही, त्याने घेताना बघितलंच नसणार.

३.६ ने काय बिघडतं? तर बऱ्याच विमा कंपन्या ४ मिलिमीटरच्या खाली गेलं की फुल इन्शुरन्सला नाही म्हणतात. मग वरून नवीन पत्रा वेल्ड करायचा, ओव्हरप्लेटिंग, आणि तो खर्च एवढा की भाव पाडून मागितला तरी मालकाला परवडेना. आम्ही डिपॉझिट परत घेतलं. एक मात्र सांगतो, सर्व्हेयर स्वतः शोधा, विकणाऱ्याने किंवा ब्रोकरने सुचवलेला नको. माणूस प्रामाणिक असेलही, पण पैसे तुम्ही देताय तर माणूस तुमचा असू दे.

दुसरी बोट ५७ फुटी, रंग मळकट तपकिरी, आत ऐंशीच्या दशकातली वाटावी अशी लाकडी पॅनेलं, फोटोत कोणी ढुंकूनही बघणार नाही. ५७ फूट हे माप बरं, साधारण सगळ्या जाळ्यात फिरता येतं, त्याहून लांब असेल तर उत्तरेकडच्या काही कालव्यांची लॉक्स आखूड पडतात. जायच्या आधी फोनवर मालकाला एकच विनंती केली, आम्ही यायच्या आधी इंजिन चालू करू नका. गार इंजिन कसं पकडतं, धूर कसला येतो आणि किती वेळ येतो, त्यावरून बरंच कळतं, आणि गेल्या गेल्या इंजिनला हात लावून बघायचा, कोमट लागलं तर कशाला तापवून ठेवलंय ते विचारायचं. इथे गारठण होतं. एंजिनखाली तेलाचा थेंब नाही, ग्रीसचा डबा जागेवर, आणि मालक काकांनी (सत्तरीचे, पूर्वी फिटर होते) प्रत्येक सर्व्हिसिंगची तारीख वहीत लिहिलेली. मग केबिनमधे सगळ्यात मागे जमिनीत एक छोटी फळी असते, ती उचलून आत हात घातला. कोरडं. तिथे पाणी लागलं तर कुठून तरी गळतंय, नळ, खिडकी, शॉवर काहीही असो, आणि पत्रा आतून सडतोय. सर्व्हेत सगळीकडे ५ च्या आसपास आकडे आले, पडद्यांचं कापड परत बाहेर आलं.

एक गैरसमज सगळ्यांचाच असतो. जाहिरातीत ठळक अक्षरात "बीएसएस ४ वर्षं" असं लिहितात आणि लोकांना वाटतं झालं, बोट पास आहे. बोट सेफ्टी स्कीमचं सर्टिफिकेट लागतंच, त्याशिवाय लायसन्स मिळत नाही, पण ते गॅस, डिझेल, वायरिंग, आग, कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म अशा गोष्टींचं असतं. पत्र्याला भोक पडायला आलं असलं तरी बीएसएस पास होऊ शकतं!

कागदपत्रांचं तर विचारूच नका. कालव्यातल्या बोटीच्या मालकीची सक्तीची अशी सरकारी नोंदच नाही. लायसन्स देते कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट, ही २०१२ पासून सरकारी महामंडळाच्या जागी आलेली धर्मादाय संस्था, आणि लायसन्सवर नाव आहे म्हणजे बोट त्याची असं होत नाही. त्यामुळे आधीच्या सगळ्या खरेदीपावत्या मागायच्या, आधीच्याने याला विकली, त्याच्या आधीच्याने त्याला, अशी साखळी जुळली पाहिजे, आणि बोटीवर कर्ज नाही हे लिहून घ्यायचं. काकांकडे सगळं फायलीत होतं.

आणि घ्यायच्या आधी ठेवणार कुठे ते ठरवा. कायमची जागा नसेल तर १९९५ च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही, सतत फिरत राहावं लागतं, आणि एप्रिल २०२४ पासून अशा बोटींना लायसन्सवर जादा पैसे पडतात. नोकरी एका गावात आणि बोट दर पंधरवड्याला पुढे, हे हिवाळ्यात करून बघा म्हणजे कळेल. शिवाय पत्ता नाही, मग बँक, डॉक्टर सगळीकडे समजावत बसा. मरिनात जागा घेतली तरी राहायची परवानगी असलेली रेसिडेन्शियल जागा वेगळी आणि ती सहजासहजी मिळत नाही. आम्ही नोकरीजवळ मरिनात जागा मिळेपर्यंत बोटीचे पैसेच दिले नाहीत, काका थांबले, सगळे थांबत नाहीत.

राहिला प्रश्न टॉयलेटचा, जो सगळ्यांना विचारायचा असतो आणि कोणी विचारत नाही. दोन प्रकार, पंपआऊट म्हणजे मोठी टाकी, मरिनात पैसे देऊन उपसून घ्यायची, नाहीतर कॅसेट, म्हणजे सुटकेसएवढी पेटी, ती भरली की आपणच ओढत एल्सन पॉईंटवर नेऊन रिकामी करायची. कॅसेट स्वस्त, आणि कालवा गोठून बोट अडकली तरी चालत नेता येते, म्हणून आमच्याकडे कॅसेट. पाळी कोणाची यावर मात्र रोज नवीन हिशोब निघतो.