आपला 'की'

"ह्यो तुझा आवाज न्हाई गं," आई म्हणाली. रंकाळ्यावर बसून आवाजाच्या सरावाच्या ॲपमध्ये रेकॉर्ड केलेलं मी तिला घरी येऊन ऐकवत होते.

महिनाभर करतेय हे, पोटातून श्वास घ्यायचा, ओठ मिटून गुणगुणायचं, मग स्क्रीनवर पिचची, म्हणजे आवाजाच्या चढ-उताराची रेघ बघत वाक्य म्हणायचं, 200 हर्ट्झच्या आसपास, आणि शेवटी रेघ खाली आणायची. फायदा खरंच झालाय, शिकवून घसा बसत नाही आता.

पण 'व्हय की' म्हणताना माझी रेघ वर जाते आणि ॲप लाल दाखवतं. म्हणून तो 'की' मी सपाट केला होता. आईला नेमका तोच सापडला नाही.

मघाशी परत म्हटलं, वर नेऊन. लाल तर लाल.

तुमच्यापैकी कुणी आवाजावर काम केलंय का? काय बदललंत, काय तसंच ठेवलंत?