पंखा फिरत होता

मे महिन्यात साताऱ्यातल्या माझ्या गॅरेजमध्ये तापणाऱ्या गाड्यांची रीघ लागते आणि बहुतेकींचा दोष बॉनेट उघडताच कळतो: फुटलेली नळी, जळालेला फ्यूज, नाहीतर कूलंटऐवजी वर्षानुवर्षे बोअरचे पाणी भरल्यामुळे क्षारांनी बुजलेला रेडिएटर. एका निवृत्त शिक्षकांची पेट्रोल हॅचबॅक मात्र यांपैकी कशातच बसेना. हायवेला कितीही पळवली, तरी काटा मध्याच्याही खाली राही. पण खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत उभी राहिली की तो चढत चढत लाल रेषेपाशी पोहोचे. सरांनी बिलांची पिशवीच सोबत आणली होती. रेडिएटर धुतला होता, त्याचे झाकण, वॉटर पंप आणि पंख्याची मोटर बदलली होती, एसीत गॅस भरला होता, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकला होता आणि आता हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांमधली सील, गेले असावे म्हणून इंजिन खोलायचे ठरत होते.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याच्या या प्रथेवर माझा राग जुना आहे. तो बंद अवस्थेत अडकला असेल तर बदलावा. पण चांगला थर्मोस्टॅट काढला की चालत्या गाडीचे इंजिन हवे तितके तापतच नाही, पेट्रोल जास्त जाते आणि उभ्या गाडीचा दोष होता तिथेच राहतो. शिवाय त्याच्याशिवाय केलेल्या तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून मी आधी नवा थर्मोस्टॅट बसवला, कूलंट भरून आतली हवा काढली आणि मगच पुढच्या कामाला लागलो.

हेड गॅस्केटचा संशय फेडायला इंजिन खोलावे लागत नाही. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावाची नळी लावून इंजिन चालू ठेवावे. सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरत असेल तर द्राव पिवळा पडतो. आमचा द्राव शेवटपर्यंत निळाच राहिला. एवढी साधी चाचणी न करता हेड उतरवायला निघणाऱ्यांना काय म्हणावे, ते मी इथे लिहीत नाही.

मग स्कॅनर जोडून गाडी उभ्याउभ्या चालू ठेवली. अठ्ठ्याण्णव अंशांना पंखा सुरू झाला, आवाजही जोरदार आला आणि क्लॅम्प मीटरवर विजेचा प्रवाह ठीक दिसला. अशा वेळी तापमान मिनिटभरात पाच-सहा अंशांनी उतरते आणि पंखा आपोआप थांबतो. इथे ते शंभर, एकशेतीन, एकशेसहा असे चढतच गेले. रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या नळीच्या तापमानात जेमतेम चार अंशांचा फरक होता. म्हणजे पाणी फिरत होते, पण त्यातली उष्णता कोणी काढून घेत नव्हते.

तेवढ्यात सर सहज म्हणाले, "अहो, सिग्नलला थांबलो की एसीसुद्धा गरम हवा फेकतो." पिशवीतल्या गॅसच्या बिलाचे कारण हेच होते. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीतल्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढेच असतो आणि दोघांनाही हवा देणारा पंखा तोच. गाडी उभी राहिली की दोघांचीही एकदमच तक्रार सुरू होत असेल, तर पंप आणि गॅस्केट यांच्याकडे पाहण्याचे कारण उरत नाही.

मी वर्तमानपत्राचा तुकडा पुढच्या जाळीला लावला. या गाडीत पंखा रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूला असतो आणि पुढची हवा आत ओढतो. त्यामुळे कागद जाळीला चिकटून राहायला हवा. तो उडून माझ्या अंगावर आला, पाठोपाठ तोंडावर गरम हवेचा झोत. पंखा उलटा फिरत होता. इंजिनाच्या खोलीत तापलेली हवाच तो रेडिएटरमधून पुढे ढकलत होता, आणि पात्यांचा बाक सुलट फिरण्यासाठी असल्याने तीही कमीच. गाडी पळताना समोरच्या वाऱ्याने काम भागत होते, पंख्याची गरजच पडत नव्हती.

मोटरच्या दोन तारा अदलाबदल करून पाहिल्या. कागद जाळीला चिकटला, तापमान मिनिटभरात ब्याण्णववर आले, पंखा थांबला. तरीही गाडी तशीच दिली नाही. या मोटरांमधले ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे, बऱ्याचदा एकाच दिशेच्या फिरण्यासाठी बसवलेले असतात. उलट्या दिशेने चालवल्या तर ठिणग्या वाढतात आणि ब्रश लवकर झिजतात. योग्य दिशेची मोटर मागवून बसवली आणि एसी लावून गाडी भर दुपारी उन्हात चालू ठेवली. काटा मध्यावरून हलला नाही.

आधीच्या मेकॅनिकला मी फोन केला. भांडायला नव्हे, काय झाले ते समजून घ्यायला. तो म्हणाला, "रंग बघूनच जोडल्या होत्या, दादा." ते खरेच होते, तारांचे रंग बरोबर जुळवले होते. दुकानदाराने दिलेली मोटर मात्र दुसऱ्या मॉडेलची होती. माप तेच, बोल्टची भोके तीच, फिरण्याची दिशा तेवढी उलटी. पंखा फिरतो आहे हे त्याने पाहिले, पुढच्या गॅरेजनेही पाहिले, सरांनीही पाहिले. हवा कुठे जाते, हे पाहण्याचे कोणाच्याच मनात आले नाही. यात दोष नेमका कोणाचा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

बिल देताना सरांनी विचारले, "मग तो आधीचा वॉटर पंप चांगला होता का?" असावा, पण तो केव्हाच भंगारात गेला होता आणि न पाहिलेल्या पंपाविषयी मी त्यांना खात्रीने काहीच सांगू शकलो नाही.