शून्यापासून मोजायचं

चौथीच्या मुलांना लंबक कशाला, असं मला दरवर्षी कुणीतरी विचारतं. तो मोठ्या इयत्तांचा धडा, त्यात सूत्र आहे, वर्गमूळ आहे. मला मात्र तो चौथीतच हवा असतो. दोरा, लोखंडी नट, पट्टी, चिकटपट्टी, पेन्सिल आणि स्टॉपवॉच एवढ्यावर काम भागतं. शिवाय नऊ-दहा वर्षांच्या मुलांना मोजायला, भांडायला आणि परत मोजायला मनापासून आवडतं. लंबकाला नेमकं तेच लागतं.

यंदा सहा गट केले. पेन्सिल टेबलाच्या कडेबाहेर अर्धी येईल अशी चिकटवायची, तिला दोरा बांधायचा, टोकाला नट. पेन्सिलीपासून नटाच्या मध्यापर्यंत बरोबर २५ सेंटिमीटर. गाठीपर्यंत मोजायचं नाही, नटाच्या मध्यापर्यंतच, हे मी दोनदा सांगते आणि तरी दोन गट गाठीपर्यंत मोजतात. नट जरासा बाजूला न्यायचा आणि सोडायचा, ढकलायचा नाही. गेला आणि परत आला की एक झोका. असे दहा झोके मोजायचे. एकच का नाही? कारण बटण दाबताना बोट थोडं मागेपुढे होतंच. दहा झोके मोजून दहाने भागलं की ती चूकही दहा ठिकाणी वाटली जाते. हे मी आधी सांगितलं नाही. एका झोक्याची वेळ तीनदा घ्यायला लावली. तीन वेगळे आकडे आल्यावर मुलंच म्हणाली, “बाई, जास्त झोके मोजूया.”

पाच गटांचे आकडे फळ्यावर आले: १०.१, ९.९, १०.०, १०.२, १०.०. सहाव्या गटाचा आला ९.०. परत मोजायला सांगितलं, तर ९.१. परत, ९.०.

पूर्वीची मी असते तर “नीट लक्ष द्या” म्हणून पुढे गेले असते. पण धांदरटपणाने आलेला आकडा दर वेळी वेगळा येतो. तीनदा तोच येत असेल, तर तो कुठूनतरी नियमाने येत असतो. मी त्या गटाजवळ खाली बसले आणि नुसतं पाहिलं. मोजणारा मुलगा नट सोडता सोडताच म्हणत होता, “एक!”

मी काही बोलले नाही. बाकीच्या गटांना बोलावलं आणि या गटाने कसं मोजलं ते बघा म्हटलं. मग जो कल्ला झाला! “सोडला तोच एक,” असं तो मुलगा ठासून सांगत होता, आणि त्याच्या बाजूनेही चौघं-पाचजण होते. शेवटी एक मुलगी दोन बाकांमधल्या जागेत जाऊन उभी राहिली. म्हणाली, “आता मी किती पावलं चालले?” कुणीतरी म्हणालं, एकही नाही. “मग आता एक कसं म्हणणार?” आणि ती चालून दाखवायला लागली: शून्य, एक, दोन. तो मुलगा गप्प झाला आणि थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, “म्हणजे आम्ही नऊच झोके मोजले.” एक झोका साधारण एका सेकंदाचा, म्हणून एक सेकंद कमी. चूक कुठे झाली एवढंच नाही, ती केवढी हेही त्याने सांगितलं. तेव्हापासून वर्गात नट सोडताना सगळे मिळून “शून्य!” असं ओरडतात.

दुसऱ्या दिवशी प्रश्न होता: नट जड केला तर? वहीत आधी अंदाज लिहायचा, खोडायचा नाही. बहुतेकांनी लिहिलं की जड नट हळू जाईल, काहींनी लिहिलं की जोरात जाईल. एका नटाऐवजी पाच नट लावले आणि एका गटाचे दहा झोके आले ११ सेकंदांच्या वर. “बघा! जड म्हणजे हळू!”

झोक्याला लागणारा वेळ वजनावर अवलंबून नसतो, हे मला ठाऊक होतं. पण प्रयोगाने समोर दाखवलं ते उलटं, आणि प्रयोग मुलांनी मन लावून केला होता. अशा वेळी फळ्यावर बरोबर उत्तर लिहून टाकायचा मोह फार होतो. ते लिहिलं की मुलं एकच गोष्ट शिकतात: आपण काहीही पाहिलं तरी खरं ते बाईंच्या फळ्यावर असतं. मी एवढंच विचारलं, “दोन दिवसांत काय काय बदललं?” सगळे म्हणाले, फक्त वजन. मी म्हटलं, पट्टी घेऊन या.

त्यांनी नट एकाखाली एक असे साखळीसारखे बांधले होते. वरचा नट २५ सेंटिमीटरवर, पण शेवटचा ३७ वर. “अरे, लंबक लांब झालाय!” हे ज्याच्या लक्षात आलं, तो मुलगा वर्गात फारसा बोलत नाही. मग पाचही नट एकाच जागी गुच्छ करून बांधले, मध्य पुन्हा २५ वर आणला, आणि दहा झोके आले दहा सेकंदांत. पाचपट वजन, वेळ तेवढाच. त्या गटाने आपला पहिला निष्कर्ष खोडला नाही. त्याच्याखाली लिहिलं: “आम्ही दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या.” माझ्या दृष्टीने वर्षभराच्या विज्ञानात यापेक्षा मोलाचं वाक्य क्वचितच लिहिलं जातं.

मुलांचं चुकलेलं उत्तर मी घाईने का पुसत नाही, यामागे एक जुनी गोष्ट आहे. कितीतरी वर्षं मी मेणबत्तीचा तो प्रसिद्ध प्रयोग करून दाखवत होते. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. मी सांगायचे, हवेतला एक पंचमांश ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली. आकडा जवळपास जुळायचा, म्हणून मला कधी शंका आली नाही. मग एका वर्षी एका मुलीने विचारलं, “बाई, ऑक्सिजन तर मेणबत्ती जळताना संपतो ना? मग पाणी तेव्हा का नाही चढत? ती विझल्यावरच एकदम का चढतं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी घरी जाऊन तो प्रयोग पुन्हा पुन्हा केला, आणि तिचं निरीक्षण खरं होतं. ज्योत आहे तोवर पाणी जेमतेम हलतं, विझली की झपकन वर येतं. ग्लास ठेवताना कडेने बुडबुडेही बाहेर पडताना दिसतात. ज्योतीने हवा तापते, फुगते, काही हवा ग्लासातून निघून जाते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. मुख्य कारण हे. ऑक्सिजन तर पूर्ण संपतही नाही. हवेत तो सुमारे २१ टक्के असतो आणि साधारण १६ टक्क्यांवर आला की मेणबत्ती विझते. जो वापरला जातो त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. पुढच्या तासाला आम्ही त्याच ग्लासाखाली तीन मेणबत्त्या लावल्या. ऑक्सिजन तेवढाच होता, पाणी मात्र जास्त चढलं. मी वर्गाला सांगितलं की मी आजवर चुकीचं शिकवत होते आणि ते या मुलीमुळे कळलं. आधीच्या सगळ्या वर्गांना ते सांगता आलं नाही, याची रुखरुख अजून आहे.

तर लंबक. तिसऱ्या दिवशी दोरा ५० सेंटिमीटरचा. अंदाज जवळजवळ एकमताचा: दोरा दुप्पट, वेळ दुप्पट, २० सेकंद. आले १४.२. कुणालाच पटेना. दोरा मोजून झाला, शून्यापासून मोजलं याची खात्री झाली, तरी १४. मग ७५ ला १७ च्या थोडं वर. १०० सेंटिमीटरचा दोरा दाराच्या चौकटीला बांधावा लागला, आणि तिथे एकदाचे २० आले. वर्गमूळ हा शब्द मी उच्चारला नाही. “चौपट दोरा, दुप्पट वेळ” हे मुलांनी आपणहून फळ्यावर लिहिलं.

गॅलिलिओने १६०२ साली लंबकाबद्दल एका मित्राला पत्र लिहिलं होतं, ते मी त्यांना सांगितलं. त्याचं म्हणणं होतं की झोका लहान असो की मोठा, वेळ सारखाच लागतो. साहजिकच वर्गाला ते तपासायचं होतं. नट ६० अंशांपर्यंत नेऊन सोडला तर दहा झोक्यांना साडेदहाच्या वर सेकंद लागले. गॅलिलिओचं म्हणणं लहान झोक्यांपुरतं चालतं, हे कळल्यावर मुलांना झालेला आनंद मी विसरणार नाही.

मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, “तिप्पट वेळ हवा असेल तर किती दोरा?” कुणी म्हणालं सहापट, कुणी आठपट. वहीच्या मागच्या पानावर बराच वेळ खुडबूड चालली होती, आणि मग एका कोपऱ्यातून आवाज आला, “नऊपट. दोनाला दोन-दोने चार, तर तीनला तीन-त्रिक नऊ.” नऊ गुणिले २५ म्हणजे सव्वादोन मीटर. एवढ्या दोऱ्याला वर्गात जागा नव्हती, म्हणून शुक्रवारी सगळे जिन्याजवळ गेलो. वरच्या कठड्याला पेन्सिल बांधली, दोरा खाली सोडला, दोघींनी पट्टी धरून सेंटिमीटर न् सेंटिमीटर मोजला. वहीत अंदाज लिहिला: ३०. ज्याने पहिल्या दिवशी “एक” म्हणून नट सोडला होता, त्याच्याच हातात नट दिला होता. त्याने तो जरासा बाजूला नेला, सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि अख्खा जिना दणाणला, “शून्य!”

३०.१.